डॉक्टरांकडे जायचा शर्ट

१२ नोव्हेंबर २००२, मंगळवार. ऊन होतं, वारा गार. काल संध्याकाळी यांचा पांढरा शर्ट आणि राखाडी पँट इस्त्री केली. सकाळी यांनी दाढी, आंघोळ केली. साडेदहाच्या ट्रामने डॉ. फुरुसेंकडे गेलो. गर्दी नेहमीसारखी. औषधं तीच, चार आठवड्यांची. येताना तोमोएकडून बांगडे घेतले. दुपारी यांनी अर्धी वाटी भात खाल्ला आणि झोपले. बँकेतल्या बाईंना शिक्क्यासाठी महिनाअखेर सांगितली.

एवढं लिहून मिनेको उराकावाने पेनाला टोपण लावलं आणि पुन्हा काढलं. डॉक्टरांकडे जाऊन आल्याच्या नोंदीत एक वाक्य ठरलेलं असायचं: डॉक्टरांनी विचारलं, यांनी ठीक आहे म्हणून सांगितलं. आज ते लिहायचं राहिलं होतं. ओळ घालायला जागा होती, पण हात पुढे जाईना.

तिच्या नवऱ्याने, सादाओने, शनिवारी न्याहारीला मिसो सूपच्या वाटीकडे बघत म्हटलं होतं, "उद्या जाग आली नाही तर बरं होईल, असं रोज वाटतं मला." चहा निवलाय म्हणावं तसा आवाज. मिनेकोच्या हातातल्या जेवायच्या काड्या तशाच राहिल्या. तिने त्या खाली ठेवेपर्यंत तो उठून आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवा झाला होता. आणि आज, मंगळवारी, तोच माणूस डॉक्टरांपुढे कमरेत वाकून म्हणाला होता, "आपल्या कृपेने ठीक आहे." मिनेको शेजारीच उभी होती. तीही त्याच्याइतकीच वाकली आणि म्हणाली, "आपलेच उपकार."

मिनेको लहानपणी नागासाकीच्या टेकडीवर नन्सच्या शाळेत शिकली. घरचा धर्म बुद्धाचा, शाळेतली प्रार्थना येशूची, आणि दोन्हींचं तिच्यात कधी भांडण झालं नाही. सिस्टर बेर्नादेत मुलींना रोज संध्याकाळी रोजनिशी लिहायला लावत. कुणी "आज फार वाईट वाटलं" असं लिहिलं की त्यावर लाल पेन्सिलीची रेघ यायची. काय वाटलं ते नको, काय झालं ते लिही, असा त्यांचा नियम. शाळा सुटली, सिस्टर आपल्या देशाला परत गेल्या, मिनेको साठीला आली, तरी तो नियम मोडला नव्हता. तिच्या वह्यांमध्ये हवा होती, भाजी होती, आलेगेलेले होते.

सादाओचं सहीऐवजी उठवायच्या नावाच्या शिक्क्यांचं दुकान होतं. ट्रामच्या रस्त्यावर पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. गावातली निम्मी लग्नं, निम्मी बँकखाती आणि बरीचशी भांडणं सादाओने कोरलेल्या नावांनी पक्की झाली होती. बोटाएवढी लाकडी कांडी पकडीत घट्ट करायची, तिच्या टोकावर ग्राहकाचं नाव उलटं लिहायचं, आणि कोरणीने अक्षराभोवतीचं लाकूड काढत जायचं. एक नाव पुरं व्हायला अर्धा दिवस लागे. काम करताना तो एकटाच गुणगुणायचा, आणि जेवायला बोलावलं की दर वेळी म्हणायचा, "आलोच, एवढ्या बाईसाहेबांच्या नावाचं शेपूट राहिलंय." नवीन नोकऱ्या लागण्याच्या दिवसांत, मार्च-एप्रिलात, रांग लागायची.

मग एका मार्चमध्ये तो कोरता कोरता थांबला. कोणी गेलं नव्हतं, नुकसान झालं नव्हतं, भांडण नव्हतं. फक्त हातातली कोरणी खाली ठेवली आणि संध्याकाळपर्यंत उचलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आधी पोट जड वाटतं म्हणून पोटाच्या डॉक्टरांकडे गेले, मग कानात आवाज येतो म्हणून कानाच्या. ते सगळं चांगलं निघालं. शेवटी कानाच्या डॉक्टरांनीच हळू आवाजात डॉ. फुरुसेंचं नाव सांगितलं. फुरुसे मनाचे डॉक्टर, दवाखाना ट्रामच्या दुसऱ्या टोकाला. ते मिनेकोला सोयीचंच वाटलं, तिकडे ओळखीचं कोणी भेटणार नव्हतं. फुरुसेंनी नैराश्याचा आजार आहे असं सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि उन्हाळ्यापर्यंत सादाओ पुन्हा पकडीसमोर बसू लागला. तेव्हा दोघंही मनापासून वाकली होती. "आपल्या कृपेने ठीक" हे तेव्हा खरंच होतं.

पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा खाली गेला, आणि या वेळी नीटसा वर आलाच नाही. त्याला आता नऊ वर्षं होत आली होती. आलेली कामं मिनेको पलीकडच्या गावातल्या एका कारागिराकडे पाठवायची आणि गिऱ्हाइकाला हे सांगायची नाही. सादाओ दुपारपर्यंत झोपायचा, उठला की तोंड कोरडं पडलंय म्हणायचा, आंघोळ चार-चार दिवस टाळायचा. चहाचा पेला धरताना हात थरथरायचा. रागावत नसे, रडत नसे. "तुला माझा त्रास," एवढंच मधूनमधून म्हणायचा. मिनेको "छे हो, त्रास कसला" म्हणायची आणि भांडी घासायला घ्यायची.

मात्र दर चौथ्या मंगळवारी तो उठायचा. आदल्या संध्याकाळी मिनेको शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टांगून ठेवायची. सकाळी पाणी तापवायची, वस्तऱ्यात नवं पातं घालून द्यायची. डॉक्टरांसारख्या मोठ्या माणसापुढे जायचं, तर गबाळं कसं जाणार? सादाओलाही तेच वाटायचं. त्या एका सकाळसाठी त्याने तीन दिवसांची ताकद जमवलेली असायची, आणि परतल्यावर पुढचे तीन दिवस तो बिछान्यातून हलायचा नाही. डॉ. फुरुसे चष्म्यावरून बघत, आडनावाला आदराचं 'सान' जोडून, विचारायचे, "काय, कसं काय उराकावासान?" सादाओ म्हणायचा, "आपल्या कृपेने ठीक आहे." दुसरं म्हणणार तरी काय? पाय मोडलेला माणूसही भाजीवाल्याला हेच सांगतो. डॉक्टर मान डोलवून लिहायचे, मागच्याच औषधांवर शिक्का उठवायचे, आणि तोही शिक्का सादाओनेच कोरलेला होता.

बुधवारी मिनेको डोंगरउतारावरच्या बाजारात तोमोएकडे गेली. तोमोए शाळेतली वर्गमैत्रीण, नवऱ्याच्या मागे माशांचं दुकान चालवायची. सिस्टर बेर्नादेतच्या हातच्या सगळ्यात जास्त पट्ट्या तिने खाल्ल्या होत्या आणि तिचं तोंड तरीही सुधारलं नव्हतं.

मिनेकोने शनिवारची गोष्ट तिला सांगितली. घरातलं असं काही नऊ वर्षांत पहिल्यांदाच कोणाला सांगत होती, त्यामुळे तिने ती काल काय आणलं सांगावं तशी सांगितली. तोमोएने हातातली सुरी फळीवर ठेवली.

"मग काल डॉक्टर काय म्हणाले?"

"त्यांना सांगितलं नाही."

"त्याने नाही, समजलं. तू?"

मिनेकोने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"मिने, तुझ्याकडचा पाणी तापवायचा बंब बिघडला होता, तेव्हा दुरुस्तीवाल्याला काय म्हणालीस? आपल्या कृपेने छान पाणी येतंय?"

"डॉक्टर म्हणजे दुरुस्तीवाला नव्हे, तोमोए."

"नव्हेच. दुरुस्तीवाल्याला बंब उघडून तरी बघता येतो." तिने एप्रनला हात पुसले. "काल ट्रामच्या थांब्यावर बघितलं मी तुम्हाला. मला वाटलं, लग्नाला निघालात. नऊ वर्षं तो डॉक्टर तुझ्या नवऱ्याला नाही तपासत, तुझ्या इस्त्रीला तपासतोय. आणि इस्त्री उत्तम आहे, त्यात प्रश्नच नाही."

मिनेकोला राग आला. पैसे न घेता तोमोएने पिशवीत टाकलेले दोन बोंबील तिने परत काढून ठेवले आणि निघाली. पण पायऱ्या चढताना ते वाक्य तिच्याबरोबर चढत होतं. घरी आल्यावर तिने इस्त्रीची फळी उघडी होती ती मिटून कपाटामागे ठेवली.

त्या आठवड्यात तिने फुकुओकाला लेकीला फोन केला. चिहारू म्हणाली, आई, सरळ दुसरा डॉक्टर बघ, शहरात काय कमी आहेत का. सांगायला सोपं होतं. दुसरीकडे जायचं तर फुरुसेंकडून चिठ्ठी घ्यायला हवी, आधी काय दिलं, किती दिलं, ते लिहिलेली. ती चिठ्ठी मागणं म्हणजे तोंडावर सांगणं, की तुमच्याने झालं नाही. फुरुसे काही वाईट माणूस नव्हते. दर डिसेंबरात मिनेको त्यांना वर्षअखेरीची भेट म्हणून संत्र्यांची पेटी पाठवायची, आणि दर जानेवारीत त्यांचं स्वतःच्या अक्षरातलं आभाराचं कार्ड यायचं. अशा माणसाला काय सांगायचं, आणि कुठल्या तोंडाने?

तिने सादाओला विचारून बघितलं. जेवण झाल्यावर त्याला समोर बसवलं आणि म्हणाली, पुढच्या वेळी आपण खरं काय ते सांगू या.

"इतकी वर्षं त्यांनी माझ्यासाठी केलं. आता त्यांना सांगू, की फुकट गेलं?"

"फुकट गेलंच आहे ना हो."

"मिनेको, मला त्यांच्यापुढे लाज आणू नकोस." नऊ वर्षांत तिने त्याच्या आवाजात पहिल्यांदा धार ऐकली. तिला भीती वाटली, आणि आत कुठेतरी बरंही वाटलं. मग तो पुन्हा भिंतीकडे वळला.

पुढचा मंगळवार डिसेंबरच्या दहा तारखेचा. सोमवारी मिनेकोने शर्ट धुतला, वाळवला, घडी घालून कपाटात ठेवला. खुर्ची रिकामी ठेवली. सकाळी सादाओ नऊच्या सुमारास उठून बिछान्याच्या कडेला बसला. खुर्चीकडे बघितलं, मग दाराकडे.

"शर्ट?"

"आज नाही काढला."

"मग कसा येणार मी?"

"जसे आहात तसे. वरून कोट घाला."

त्याच्या अंगात रात्रीचा जाड अंगरखा होता, कोपरावर सोया सॉसचा डाग पडलेला. गालावर आठवड्याची पांढरी खुंटं. त्याने स्वतःकडे बघितलं आणि सावकाश, काही न बोलता, पुन्हा आडवा झाला. मिनेको जरा वेळ थांबली. मग शेजारच्या बाईंना दुकानाकडे आणि त्याच्याकडे लक्ष ठेवायला सांगून ती एकटीच ट्रामला गेली.

दवाखान्यातली मुलगी म्हणाली, पेशंट आले नसले तरी हरकत नाही, औषधं तीच असली तर मिळतील. मिनेको म्हणाली, डॉक्टरांना भेटायचंय. आपला आवाज तिला जरा मोठाच वाटला. बाकावरच्या दोघांनी मान वर केली.

आत फुरुसेंनी चष्म्यावरून बघितलं. "उराकावासान नाही आले? कसं काय त्यांचं?"

"आपल्या कृपेने," मिनेकोच्या तोंडाने आपलं आपणच सुरू केलं होतं, आणि कमरही वाकायला लागली होती. ती अर्ध्यावर थांबली. तशीच, अर्धी वाकलेली. मग सरळ झाली आणि खुर्चीत बसली. इतकी वर्षं ती उभीच राहत आली होती.

काय वाटतं ते सांगणं तिला जमलं नसतं. काय झालं ते सांगता येत होतं. तिने सांगितलं, ते चार-चार दिवस आंघोळ करत नाहीत. भात अर्धी वाटी. दुपारपर्यंत झोप, तरी थकवा. हात थरथरतो. गेल्या चार वर्षांत एकही शिक्का पुरा केला नाही, मी बाहेरून करून आणते. तुमच्याकडे येण्याआधी मी दाढी करवते, शर्ट घालते, आणि घरी गेल्यावर ते तीन दिवस पडून असतात. आणि मागच्या महिन्यात न्याहारीला म्हणाले, सकाळी जाग आली नाही तर बरं.

बोलताना ती टेबलाच्या कडेकडे बघत होती. फुरुसेंनी पेन खाली ठेवलं होतं. त्यांनी सादाओचे जुने कागद मागे मागे उलटत नेले. प्रत्येक कागदावर तेच दोन शब्द आणि तोच लाल शिक्का.

"हे मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही," ते म्हणाले.

"नाही सांगितलं. माफ करा."

"आणि मीही दुसरं काही विचारलं नाही." त्यांनी चष्मा काढला. त्यांना लागलं होतं, ते दिसत होतं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. मग त्यांनी जे विचारायचं ते सरळ विचारलं. मरण्याबद्दल पुन्हा बोललेत का? काही ठरवल्यासारखं वाटतं का? आत्ता त्यांच्याजवळ कोण आहे? मिनेकोने जसं होतं तसं सांगितलं. फुरुसे म्हणाले, आज जाता जाता पहिलं काम, कोरण्या घरातून हलवा, सगळ्या. गोळ्या तुमच्याजवळ ठेवा, त्या त्या वेळी एकेक द्या. एकटं सोडू नका. आणि दुपारी मी येतो.

"तुम्ही? आमच्याकडे? घर अगदी पसरलंय हो."

"तेच बघायला येतोय," फुरुसे म्हणाले.

शेजारच्या बाईंना सादाओजवळ बसवून मिनेकोने कोरण्या फडक्यात गुंडाळून तोमोएकडे नेल्या. तोमोएने कारण विचारलं नाही. माशांच्या सुऱ्यांच्या खणात जागा करत ती एवढंच म्हणाली, "राहू देत इथे. माझ्या सुऱ्यांना जरा चांगली संगत मिळेल." मग तिने ते दोन बोंबील पुन्हा पिशवीत टाकले, आणि या वेळी मिनेकोने ते काढून ठेवले नाहीत.

दुपारी दवाखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत फुरुसे आले. ओवरकोट, हातात बॅग, भराभर चालून धाप लागलेली. मिनेकोने आतलं दार सरकवलं. सादाओने वळून बघितलं आणि धडपडत उठला, अंगरख्याची टोकं ओढून घेतली, चटईवर गुडघे टेकून हात पुढे ठेवले. ओठ हलायला लागले. "आपल्या कृ..."

"उराकावासान," फुरुसे त्याच्या समोर चटईवरच बसले, "माझ्या कृपेचं आज राहू द्या. काल सकाळी जाग आली तेव्हा पहिलं काय केलंत, ते सांगा."

सादाओने चटईवरचे हात मागे घेतले. या प्रश्नाला तयार उत्तर नव्हतं. रस्त्यावरून ट्राम गेली.

"जाग आली याचं वाईट वाटलं," तो म्हणाला.

"बरं. मग?"

"मग छताकडे बघत राहिलो."

फुरुसे "बरं" म्हणत राहिले आणि सादाओ एकेक वाक्य काढत राहिला. मिनेको चहा करायला उठली आणि स्वयंपाकघरात चहा न करताच उभी राहिली. ती आत आली तेव्हा डॉक्टर म्हणत होते, की चूक तुमची नाही. माझं औषध पहिल्या वर्षीचंच राहिलं. आता नवीन औषधं आली आहेत, ती मला फारशी हाताळायची सवय नाही. डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलात डॉ. इचिनोसे म्हणून बाई आहेत, त्यांना मी चिठ्ठी देतो. न मागता चिठ्ठी आली. मिनेको वाकली, आणि हे वाकणं पहिल्या उन्हाळ्यासारखं होतं.

सादाओ हॉस्पिटलात सात आठवडे राहिला. नववर्षाची पहाट त्याने तिथल्या खिडकीतून बघितली. मिनेकोने डब्यातून तांदळाच्या वड्यांचं सूप नेलं, ते निम्मं सांडलं. डॉ. इचिनोसे चिहारूच्या वयाच्या होत्या आणि भराभर चालायच्या. त्यांनी आधी गुंगी आणणाऱ्या दोन गोळ्या थोड्या थोड्या करून काढल्या. दुपारपर्यंतची झोप ही बरीचशी त्या गोळ्यांची होती. मग नवीन औषध सुरू केलं. त्याने सादाओला मळमळलं, एका जागी बसवेना. तो म्हणाला, माझ्यावर काही लागू पडत नाही, घरी न्या मला. मिनेकोलाही तसंच वाटू लागलं होतं. इचिनोसे म्हणाल्या, पहिलंच औषध मानवेल असं सांगता येत नाही, अजून आहेत, आणि प्रत्येकाला काही आठवडे द्यावे लागतात. तुम्ही तक्रार केलीत हे चांगलं झालं, नाहीतर मी हेच चालू ठेवलं असतं. दुसरं औषध मानवलं. त्याची मात्रा फेब्रुवारीत वाढवली. शिवाय रोज सकाळी अंगणात चालायचं, आणि आठवड्यातून एकदा एका समुपदेशकाशी बोलायचं. काय बोलायचं, असं मिनेकोने विचारल्यावर सादाओ म्हणाला, "तो गप्पच बसतो. शेवटी कंटाळून मलाच बोलावं लागतं."

एकदा इचिनोसेंनी तिला एकटीला थांबवून विचारलं, "आणि तुम्हाला झोप येते का?" मिनेकोची मान तयारीने खाली गेली, तोंड उघडलं. मग तिला हसू आलं. "तीनला जाग येते," ती म्हणाली. इचिनोसेंनी महिन्यातून एकदा घरच्या माणसांची बैठक भरते तिचा वार सांगितला. मिनेको तिथे जाऊ लागली. एक निवृत्त शिक्षक बायकोबद्दल बोलायचे, एक आई मुलाबद्दल. शिक्षकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की डॉक्टरांकडे जाण्याच्या दिवशी ते बायकोच्या ओठांना लाली लावून द्यायचे. मिनेकोने तिचा शर्ट सांगितला. कोणी हसलं नाही, सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्या डिसेंबरात तिने फुरुसेंना संत्र्यांची पेटी पाठवली होती. पाठवू की नको, यात दोन दिवस गेले होते. जानेवारीत कार्ड आलं. आभाराच्या खाली एक ओळ जास्त होती: उराकावासान आता सकाळी उठल्यावर काय करतात, ते कळवा.

घरी आल्यावर सगळं सरळ झालं असं नाही. मार्चमध्ये गिऱ्हाइकांची रांग लागली तेव्हा सादाओ दोन दिवस पुन्हा बिछान्यात गेला. मिनेको एक खूण शिकली होती: तो रोजचं संत्रं स्वतः सोलेनासा झाला, की वाट बघत बसायचं नाही, हॉस्पिटलला फोन करायचा. तिने केला. इचिनोसेंनी दोघांना दुसऱ्याच दिवशी बोलावलं. एप्रिलच्या शेवटी, इचिनोसेंशी बोलून, मिनेकोने तोमोएकडून एकच कोरणी परत आणली. बाकीच्या माशांकडेच राहिल्या. सादाओने कोरणी नाकाजवळ नेली.

"हिला बांगड्याचा वास येतोय."

"धुवा मग," मिनेको म्हणाली.

त्याने धुतली, धार लावली, आणि मऊ लाकडाच्या सरावाच्या कांडीवर एक अक्षर कोरलं. एक रेघ जाड झाली. त्याने बराच वेळ बघितलं, कानसून टोक सपाट केलं, आणि उद्या बघू म्हणून ठेवून दिलं. उद्या बघू हे शब्द त्याने किती दिवसांनी उच्चारले, याचा मिनेको भाजी चिरताना विचार करत राहिली.

जूनच्या मध्याला हॉस्पिटलात जायचा दिवस होता. सकाळपासून पाऊस होता. सादाओने कपाटातून स्वतःच एक शर्ट काढला, दोरीवरून उतरवून तसाच ठेवलेला, चुरगळलेला. मिनेकोचा हात सवयीने कॉलरकडे गेला. तिने तो मागे घेतला आणि छत्र्या शोधायला लागली. दाढी त्याने अर्धवट केली होती, हनुवटीखाली एक पट्टा राहिला होता. तोही तिने राहू दिला.

इचिनोसेंच्या खोलीत दोघं शेजारीशेजारी बसली. इचिनोसे त्या दिवशी घाईत होत्या. फुरुसेंसारखाच त्यांचाही नेहमीचा, काल सकाळी काय केलंत, हा प्रश्न विसरून त्यांनी नुसतंच विचारलं, "कसं काय उराकावासान?"

मिनेकोने पिशवी मांडीवर घेतली. तिच्या शेजारी सादाओची पाठ सवयीने थोडी पुढे झुकली. तिला वाटलं, आता तेच येणार, आणि मग तिला बोलावं लागेल, पुन्हा एकदा, त्याच्या देखत. तिने तोंड उघडलं नाही. वाट बघितली.

सादाओ झुकलेला तसाच थांबला. मग मागे टेकला.

"या आठवड्यात ठीक नाही," तो म्हणाला. "तीन दिवस सकाळी उठता आलं नाही. काल उठलो. एक नाव अर्धं कोरलंय."

इचिनोसेंनी पेन हातात घेतलं. "केव्हापासून? पाऊस सुरू झाल्यापासून?"

सादाओ सांगू लागला. मिनेकोने मांडीवरची पिशवी सरळ केली. मध्ये बोलायची तिला गरज पडली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तेव्हा ती खिडकीबाहेर छत्र्यांकडे बघत राहिली.

येताना तोमोएच्या दुकानापुढे थांबले. तोमोएने सादाओला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, हनुवटीखालच्या पट्ट्याशी जरा थांबली. "उराकावासान, आज तुम्ही अगदी माझ्या नवऱ्यासारखे दिसताय," ती म्हणाली. "तोही असाच गबाळा होता." सादाओ हसला नाही, पण म्हणाला, "त्याला मासे तरी फुकट मिळायचे." तोमोएने मोठ्याने हसत दोन बोंबील काढले.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर मिनेकोने वही काढली. १७ जून २००३, मंगळवार, असं लिहिलं. पाऊस, हॉस्पिटल, औषध थोडं बदललं, तोमोएकडे थांबलो, हे लिहिलं. डॉक्टरांनी विचारलं, यांनी ठीक नाही म्हणून सांगितलं, हे लिहिलं. मग खालच्या ओळीवर आली.

लोणच्यासाठी हिरवे प्लम दोन किलो आणले. देठ यांनी काढले. मीठ कमी पडलं, उद्या आणायचं.